रुजू व्हायचा खर्च कोणाच्या माथी? : जिल्हा परिषदांना एका निवृत्त लेखा-लिपिकाचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी
आणि मंत्रालयात बसून त्यांच्यासाठी नियम लिहिणारे सर्व संबंधित

विषय : प्रथम नियुक्तीवर परजिल्ह्यात रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यांना बिऱ्हाड हलवण्याचा खर्च मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

एकतीस वर्षं मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत काढली. कनिष्ठ सहाय्यक म्हणून लागलो, वरिष्ठ सहाय्यक म्हणून २०२१ साली निवृत्त झालो. त्यातली अकरा वर्षं माझ्या टेबलावर प्रवास भत्त्याची बिलं होती. दौऱ्याची, प्रशिक्षणाची, बदलीची. बिलात त्रुटी काढण्यात माझा हात कोणी धरत नसे, हे माझे जुने सहकारी आजही चहाच्या टपरीवर सांगतात आणि ते कौतुकाने सांगत नाहीत.

‘सदर मागणीबाबत नियमात तरतूद नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही. माझ्या लेकीने बिऱ्हाड हलवण्याच्या खर्चासाठी अर्ज केला होता, गेल्या महिन्यात त्याला उत्तर म्हणून तेच वाक्य, जावक क्रमांकासह, तिच्या नावाने आलं. तिने फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, “अण्णा, हे तुमच्याच हाताखालच्या कोणी लिहिलंय का हो?” मला हसू आलं नाही.

लेक कोकणातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षण सेविका आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणारी शिक्षिका. जिल्ह्याचं, तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही. तिच्या अर्जाला उत्तर देणाऱ्या लिपिकावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. ती स्वतः हे पत्र लिहू शकत नाही, कारण तिची तीन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत आणि जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम १९६७ चे आहेत ते माझ्याही पाठ आहेत. मी आता कोणाचाच सेवक नाही, म्हणून मी लिहितो.

आधी थोडं मागचं. माझ्या मुलीने २०११ साली डी.एड. केलं. २०१२ च्या मे महिन्यात शिक्षक भरती बंद झाली. पुढे २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली, तिची यादी लागायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला. त्यात तिचं थोडक्यात हुकलं. पुन्हा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर यादी. या वेळी नाव आलं. डी.एड. झाली तेव्हा वीस वर्षांची होती, नेमणूक झाली तेव्हा तेहतीस पूर्ण, पदरी चार वर्षांचं पोर. घरात पेढे वाटले. माझ्या बायकोने देवाला अभिषेक घातला. यादीत आमच्या गावापासून पाचशे वीस किलोमीटरवरचा जिल्हा होता, पण त्या दिवशी कोणी किलोमीटर मोजले नाहीत.

मोजायला लागलो ते पुढच्या तीन आठवड्यांत. लोकसभेची आचारसंहिता लागायच्या आत सगळं उरकायचं म्हणून आधी कागदपत्रं पडताळणी, मग समुपदेशन, मग आदेश. आदेशात लिहिलेलं : सात दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा नियुक्ती रद्द समजण्यात येईल. दोन वेळा एस.टी.ने गेलो. लेकीला अर्धं तिकीट, मला पूर्ण, कारण मला पासष्ट व्हायला अजून वेळ आहे. दोन्ही वेळा लॉजवर एकेक रात्र. तिसऱ्या वेळी बिऱ्हाड घेऊन गेलो.

बिऱ्हाड म्हणजे काय, हे ज्यांच्या घराचं सामान सरकारी ट्रकातून हलतं त्यांना सांगायला हवं. एक लोखंडी पलंग, दोन गाद्या, एक गोदरेजसारखं दिसणारं पण गोदरेज नसलेलं कपाट, शेगडी, सिलिंडर, ज्वारीचं एक पोतं (तिकडे भात खातात, आमच्या नातवाला भाकरी लागते), पुस्तकांचे तीन खोके, नातवाची तीनचाकी सायकल आणि पाण्याची दोनशे लिटरची टाकी. पिकअपवाल्याने जायचे-यायचे दोन्हीकडचे पैसे लावले, कारण कोकणातून परतीचं भाडं मिळत नाही म्हणाला. त्याचं चुकलं नाही. ताम्हिणी उतरताना एका वळणावर ती टाकी दोरीतून सुटली आणि रस्त्यावर घरंगळत गेली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने कशीबशी वाचवली. स्वतःला, आणि मग आमची टाकीही. त्याला चहाचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. एवढा एकच खर्च त्या दिवशी वाचला.

सवय आहे म्हणून मी रोज रात्री वहीत खर्च लिहीत होतो. तो इथे उतरवतो. पिकअपचं भाडं १७,००० रुपये. टोल आणि चालकाचं जेवणखाण १,४००. दोन्हीकडची हमाली १,६००. आधीच्या दोन फेऱ्यांची एस.टी., लॉज आणि जेवण ७,३००. वैद्यकीय प्रमाणपत्र, स्टॅम्प पेपर, झेरॉक्स, साक्षांकन, फोटो यांचे मिळून १,१५०. आणि खोली राहण्याजोगी करायला, म्हणजे न्हाणीघराची कडी, वायरिंग, खिडक्यांना जाळी, छपरावर ताडपत्री, ४,२००. बेरीज ३२,६५०. घरमालकाला दिलेली दहा हजारांची अनामत यात धरलेली नाही, कारण ती कधीतरी परत मिळेल. पहिल्या महिन्याचं साडेतीन हजार भाडंही धरलं नाही, भाडं तर कुठेही द्यावंच लागतं. एवढं सोडून ३२,६५०. अनामत आणि भाडं धरलं तर हातातून गेले ४६,१५०.

लेकीचं मानधन किती? महिना १६,०००. ते २०२३ च्या १ जानेवारीपासून, त्याआधी प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला ६,००० मिळायचे. म्हणजे वाढलं हे मान्य, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना दुवा. पण हिशेब बघा : दोन महिन्यांचं सगळं मानधन या एका हलण्यात गेलं आणि वर ६५० रुपये अंगावर आले. त्यात पहिलं मानधन हातात पडलं जुलैमध्ये. रुजू झाल्यापासून चौथ्या महिन्यात. शालार्थ आयडी (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक) नव्हता, मग आयडी आला तर बँकेचा तपशील चुकला होता, मग तो दुरुस्त झाला तर अनुदान नव्हतं. हे सगळं मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे. या वेळी अलीकडून पाहिलं.

आमचं भागलं, कारण मला जुनी पेन्शन आहे. सामानासाठी पैसे मी दिले, जावयाने थोडे घातले, बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवाव्या लागल्या त्या दिवाळीला सोडवल्या. पण लेकीबरोबरच त्याच केंद्रात, म्हणजे शाळांच्या गटात, दोन मुलं रुजू झाली. एकाचे वडील ऊसतोडीला जातात, दुसऱ्याचे सालगडी आहेत. दोघे एकेक बॅग घेऊन आले. पहिले अकरा दिवस ते शाळेच्या वर्गात झोपले, बाकं जोडून. सकाळी मुलं यायच्या आत बाकं सरळ करून ठेवायचे. गावातल्या एका आजीने दोन वेळचा डबा दिला म्हणून निभावलं. वर्गात झोपणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. कुठलंही नियमबाह्य काम मी कधी पाठीशी घातलेलं नाही. पण अकरा दिवसांत मला त्या पोरांची एकही चूक दिसली नाही.

आता नियमांकडे येतो. तिथे माझं थोडं चालतं.

कर्मचाऱ्याची प्रशासकीय बदली झाली की त्याला बदलीचा प्रवास भत्ता मिळतो. स्वतःचं भाडं, कुटुंबाचं भाडं, सामानाची वाहतूक. शिवाय १९८१ च्या नियमांप्रमाणे पदग्रहण अवधी मिळतो, म्हणजे बांधाबांध करायला पगारी दिवस. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला तर २०१७ च्या जुलैपासून बदलीत मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी मिळतात, आणि वर सामानासाठी किलोमीटरमागे त्या वेळी ठरलेले १५ रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत, ज्याच्या त्याच्या वेतनस्तराप्रमाणे. केंद्राचा माणूस निवृत्त होऊन गावी जातो तेव्हाही त्याला हा खर्च मिळतो. योग्यच आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षं तुमचं काम केलं त्याचं सामान घरी पोचवा.

पण येणाऱ्याचं काय? केंद्राच्या पूरक नियमांतला १०५ वा नियम म्हणतो, पहिल्या नेमणुकीवर रुजू होण्याच्या प्रवासाचा भत्ता देय नाही. आपल्याकडेही तीच रीत. म्हणजे ज्याच्या हातात पूर्ण पगार आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, पतसंस्थेत पत आहे, त्याला हलायचे पैसे. आणि ज्याने अजून पहिला पगार पाहिलेला नाही, त्याने स्वतःच्या खिशातून यावं. हा नियम ज्या काळात झाला तेव्हा नोकरी लागणं हाच मोठा उपकार मानला जात असावा. माझा चुलत भाऊ फौजेत भरती झाला तेव्हा त्याला प्रशिक्षण केंद्रापर्यंत रेल्वेचं वॉरंट मिळालं होतं. ते पाहून मला तेव्हाही वाटलं होतं की मग आपल्याला का नाही. विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही, आणि पुढे मीच ‘तरतूद नाही’ लिहिणाऱ्या खुर्चीत बसलो.

आणि हा १०५ वा नियम दगडावरची रेघ आहे असंही नाही. १९८३ च्या डिसेंबरात केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ईशान्य भारतात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी तो शिथिल केला. पहिल्या नेमणुकीवर तिकडे जाणाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला, पहिले ४०० किलोमीटर सोडून पुढच्या प्रवासाचं साध्या बसचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ केलं. कंजूष सवलत आहे. माझ्या लेकीला ती लावली असती तर ५२० तून ४०० वजा जाऊन उरलेल्या १२० किलोमीटरचं एस.टी.चं पूर्ण तिकीट, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास रुपये मिळाले असते. पण तत्त्व मान्य झालं होतं, चाळीस वर्षांमागे : ज्या भागात माणसं जायला तयार नसतात, तिथे माणूस पाठवायचा तर त्याच्या वाटखर्चाला हात लावला पाहिजे. आपल्या राज्यात असे भाग नाहीत का? नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करणाऱ्यांसाठी २००२ साली आपणच एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. म्हणजे तिथे राहायला त्रास होतो हे शासनाला पटलेलं आहे. तिथे पोचायला पैसे लागतात, एवढंच पटायचं राहिलं आहे.

सगळ्यात बोचणारी गोष्ट ‘मुख्यालयी राहणे’, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहणे, ही. २०१९ च्या ९ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणायला लावला, की अमुक कर्मचारी मुख्यालयीच राहतो. २०२२ साली विधानसभेतही शिक्षक गावात राहत नाहीत यावरून केवढा गदारोळ झाला, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. मी स्वतः मुख्यालयी राहण्याच्या बाजूचा आहे. शिक्षक गावात राहिला तर गावाला कळतं की शाळा आहे. माझ्या लेकीनेही रुजू होताना शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहून दिलं. तो स्टॅम्प पेपर तिच्याच पैशांचा. मानधनावरच्या माणसाला घरभाडे भत्ता नाही. हलायचा खर्च नाही. रिकामं शासकीय निवासस्थान नाही. आहे ते १९७० च्या दशकातलं असून त्यात सध्या शेळ्या असतात. पण राहायचं मात्र मुख्यालयी. घर हवं, घराला लागणारं काहीही तुम्ही देणार नाही, आणि घर केल्याचा पुरावा मात्र तुम्हाला हवा. मी अकरा वर्षं बिलं तपासली. कर्मचाऱ्याने असं एकतर्फी बिल माझ्याकडे आणलं असतं तर आक्षेप लावून परत केलं असतं.

हे फक्त शिक्षकांचं नाही. आरोग्य सेविका, औषध निर्माण अधिकारी, कनिष्ठ अभियंता, पर्यवेक्षिका, कंत्राटी ग्रामसेवक म्हणून लागलेली पोरं, ज्यांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, सगळ्यांचं हेच. नगरपरिषदांच्या राज्य संवर्गात निवडल्या गेलेल्यांचंही हेच : भंडाऱ्याचा मुलगा पालघर जिल्ह्यात आणि सिंधुदुर्गाची मुलगी हिंगोलीत. २०२३ च्या ऑगस्टात चौतीस जिल्हा परिषदांनी मिळून १९,४६० पदांची जाहिरात काढली. अर्जाचं शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० आणि मागासवर्गाला ९०० रुपये. लाखो मुलांनी ते भरलं. परीक्षेला बसायचे पैसे तुम्ही आगाऊ घेता, तेव्हा तरतूद असते.

या पत्राला काय उत्तरं येतील ते मला आत्ताच ऐकू येतंय, कारण ती उत्तरं मीच देत आलोय. एकेक घेतो.

“जिल्हा तुम्हीच पसंतीक्रमात भरला होता.” भरला होता. बिंदुनामावलीप्रमाणे (आरक्षणाच्या क्रमतक्त्याप्रमाणे) आपल्या प्रवर्गाच्या आपल्या माध्यमाच्या जागा जिथे निघतात तिथलेच पर्याय पोर्टलवर दिसतात. तेरा वर्षं थांबलेली बाई त्यातला दूरचा पर्याय सोडून देईल असं वाटणाऱ्याने एकदा तेरा वर्षं थांबून बघावं. आणि दुसरं : विनंती बदलीला भत्ता मिळत नाही, कारण ती कर्मचाऱ्याच्या सोयीची असते, हे मी जाणतो. पण रिक्त शाळेवर माणूस येणं ही कोणाची सोय आहे? जाहिरात तर तुम्ही दिली होती.

“ही माणसं टिकत नाहीत, आंतरजिल्हा बदलीने निघून जातात.” खरं आहे. कोकणातल्या शाळांना हे दुखणं जुनंच आहे. स्थानिक डी.एड.धारक त्यावरून चिडतात आणि त्यांचं चिडणंही मला समजतं. पण माणूस पळतो कशाने? पहिल्या चार महिन्यांत जो कर्जात जातो, बायको-पोरांना गावीच ठेवतो, खोलीत फक्त चटई आणि बादली ठेवतो, तो पहिल्या दिवसापासून परतीच्या वाटेवर असतो. ज्याचं कपाट आणि पलंग आला, ज्याचं पोर त्या गावच्या अंगणवाडीत बसलं, तो थोडा तरी रुळतो. माझा नातू आता ‘खंय’ आणि ‘कुठं’ दोन्ही बोलतो. आणि टिकण्याचीच काळजी असेल तर अट घाला : तीन वर्षांच्या आत स्वतःहून गेला तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम परत. ते बंधपत्र लिहून देताना कोणी कुरकुर करणार नाही.

“लोक खोटी बिलं लावतील.” लावतील. माझ्यासमोर आलेल्या बदलीच्या बिलांत एकाच वर्षी सहा वेगवेगळ्या ट्रकांच्या पावत्या एकाच अक्षरात, एकाच हिरव्या शाईत होत्या. त्यातली एक तर ट्रॅक्टरच्या नंबरची होती, मी आर.टी.ओ.कडून खात्री केली. म्हणूनच सांगतो, पावत्या मागूच नका. मूळ गाव ते शाळा किंवा कार्यालय यांतलं अंतर काढा आणि त्यावर ठोक रक्कम द्या. पावती नाही तर खोटी पावतीही नाही. केंद्राने बदलीत निम्मं काम असंच सोपं केलंय.

“पैसा कुठून आणायचा?” हा प्रश्न बरोबर आहे आणि लेखा शाखेचा माणूस म्हणून मी तो टाळणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीच्या यादीत अकरा हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली. समजा त्यातल्या प्रत्येकाला, जिल्ह्यातल्या आणि परजिल्ह्यातल्या सगळ्यांना, सरसकट वीस हजार दिले असते तरी बावीस कोटींच्या आसपास झाले असते. प्रत्यक्षात बरेचजण स्वतःच्याच किंवा शेजारच्या जिल्ह्यात लागतात, त्यांना कमी किंवा काहीच द्यायचं नाही. मग आकडा त्याच्या बराच खाली येतो. हा खर्च दर महिन्याचा नाही, माणसामागे आयुष्यात एकदाच. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीवर तो टाकू नका, तिथे आधीच ओढाताण असते आणि गरीब जिल्ह्यांचीच पोरं जास्त अडतील. परीक्षा शुल्कातून उरलेली रक्कम आणि राज्याचं वेतन अनुदान यातूनच स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं) उघडून तरतूद करावी.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्रथम नियुक्तीवर स्वतःच्या राहत्या जिल्ह्याबाहेर रुजू होणाऱ्या जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना एकवेळचं स्थलांतर अनुदान द्यावं. १०० ते २५० किलोमीटरला १०,०००, २५१ ते ५०० ला १५,००० आणि त्यापुढे २०,००० रुपये. हे आकडे माझे आहेत; तुम्ही समिती नेमून बदला, पण शून्य ठेवू नका.

२. मानधनावरच्या शिक्षण सेवक, ग्रामपंचायत अधिकारी आणि इतरांना यातून वगळू नये. उलट त्यांना सर्वांत आधी द्यावं. ‘नियमित वेतनश्रेणीतील कर्मचारी’ एवढे तीन शब्द शासन निर्णयात घुसले की अर्धे लोक बाहेर पडतात, हे मला नीट ठाऊक आहे. ते तीन शब्द नकोत.

३. रक्कम रुजू अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत, शालार्थ आयडीची वाट न पाहता, थेट बँक खात्यावर जमा व्हावी. तेव्हाच तिचा उपयोग. सहा महिन्यांनी मिळालेलं अनुदान सावकाराचं व्याज भरायला जातं.

४. आदेशापासून रुजू होण्यासाठी किमान पंधरा दिवस द्यावेत. रुजू झाल्यावर बिऱ्हाड आणण्यासाठी पुन्हा पाच दिवस पगारी सवलत द्यावी. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या शाळेला आठवडाभराने काही होत नाही.

५. कागदपत्रं पडताळणीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात प्रत्यक्ष बोलावू नये. उमेदवाराच्या स्वतःच्या जिल्हा परिषदेत ती करून ऑनलाइन पाठवता येते. माझ्या वहीतला दोन फेऱ्यांपैकी एक फेरीचा खर्च एवढ्यानेच वाचला असता.

६. पहिलं मानधन रुजू झाल्याच्या दुसऱ्या महिन्याच्या आत मिळावं. न मिळाल्यास का मिळालं नाही याची लेखी नोंद आस्थापना शाखेने कर्मचाऱ्याला द्यावी. लेखी द्यावं लागलं की बरीच कामं आपोआप वेळेत होतात, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

७. ज्यांना निवासस्थान देता येत नाही आणि घरभाडे भत्ताही देता येत नाही, त्यांच्याकडून मुख्यालयी राहण्याचं हमीपत्र त्यांच्याच खर्चाने घेणं बंद करावं.

घाई एवढ्यासाठी की २०२५ च्या मे-जूनमध्ये पुढची अभियोग्यता चाचणी होऊन गेली, निकालही लागला. पुन्हा यादी लागेल, पुन्हा कोणीतरी पेढे वाटेल आणि पुन्हा कोणीतरी पिकअपवाल्याशी दोन्हीकडच्या भाड्यावरून घासाघीस करील. माझ्या लेकीचे पैसे मिळाले नाहीत तरी चालतील, तसं तिनेही सांगितलंय. पुढच्या यादीआधी शासन निर्णय निघाला तर तिच्या अर्जाचं चीज झालं असं ती समजेल. मी मात्र तिच्याएवढा उदार नाही, म्हणून तिची मागणीही सोबत पाठवतो.

सोबत :
१) खर्चाच्या वहीच्या तीन पानांची छायांकित प्रत. मूळ वही माझ्याकडे आहे, तपासणीसाठी कधीही दाखवीन.
२) बदली प्रवास भत्ता देयकाचा विहित नमुना, एक प्रत. ‘बदलीचा आदेश क्रमांक’ हे शब्द खोडून तिथे ‘प्रथम नियुक्ती आदेश क्रमांक’ असं लिहिलं आहे, खाडाखोडीवर स्वाक्षरी केली आहे. अंतर, सामान, दिनांक, सगळे रकाने भरलेले आहेत. एकूण मागणी रुपये ३२,६५० फक्त. देयकात माझ्या समजुतीप्रमाणे एकही त्रुटी नाही. खालचा ‘मंजूर / नामंजूर’ हा रकाना आणि त्याखालची सहीची जागा कोरी ठेवली आहे.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ सहाय्यक (लेखा),
मराठवाडा